अवसेचा तंबू

५ जानेवारी २००३, रविवार. वारूळवाडी
सागरी उद्यानाच्या कार्यालयाचं पत्र आलं. जामनगरच्या पुढे, समुद्राकाठी. तंबू आपला आणला तर दोन रात्री राहू देतात. मी दशमी कळवली होती, दिवस चांगला म्हणून. साहेबांनी सरळ लिहिलंय, दशमीला पाणी फारसं हटत नाही. लांबवर उघडा पडलेला तळ बघायचा तर अमावास्या नाहीतर पौर्णिमा, आणि त्यापुढचे दोन दिवस धरा.
लाज वाटली. बावीस वर्षं आठवीला भरती-ओहोटी शिकवते. फळ्यावर चंद्र, सूर्य, पृथ्वी एका रेषेत काढते. आणि स्वतः निघायचं तर भिंतीवरच्या कॅलेंडरात चांगला दिवस शोधते! ओहोटी आजवर पाहिलेली नाही. समुद्र दोनदा पाहिला, दोन्ही वेळा भरती.

७ जाने.
जुन्नर. नूरजहाँच्या दुकानात. शाळेपासूनची मैत्रीण, शिवणकाम करते. बकरी ईदच्या कपड्यांचा ढीग पडलेला. तिला सांगितलं, १ फेब्रुवारीला अवस, त्या दिवशी निघालो तर ३ तारखेला सकाळी आठच्या सुमाराला पाणी पार मागे. वाटलं, ही नाही म्हणणार.
"अवस सरली की चांद दिसतो, न् आमचा महिना लागतो," म्हणाली. "मला कसली आलीय भीती?"
तंबू तीच शिवणार. कांदा झाकायची ताडपत्री आहे मळ्यात, ती नेऊन देणार.

९ जाने.
जेवताना घरी सांगितलं. भाऊजी, म्हणजे धाकटे दीर, घास हातात धरून बसले. सासूबाईंनी (मी त्यांना आत्या म्हणते) ताट बाजूला सारलं.
माहीत होतंच. दोन वर्षांपूर्वी आषाढातल्या अवसेला हे टोमॅटोच्या गाडीबरोबर वाशीला निघाले. घाटात ड्रायव्हरला डुलकी लागली. हे गेले. ड्रायव्हरला कोणी बोललं नाही. अवसेला जाऊ दिलं म्हणून बोल मला. तेराव्यापासून ऐकते आहे.
भाऊजी एवढंच म्हणाले, "वैनी, पुनवेला जावा की. तवा कोण न्हाई म्हणतंय?"

१० जाने.
पुनवेला जाता येईल. रजासुद्धा मिळेल, खोटं कशाला लिहू. पण पुनवेला गेले म्हणजे कबूल केलं की यांना अवसेनं नेलं आणि मी त्यात सामील होते.
नाही कबूल. अवसेलाच जाणार.

१९ जाने.
तंबू शिवून झाला. मशीनच्या दोन सुया मोडल्या. दुकानामागच्या मोकळ्या जागेत बांबूवर उभा केला, दोघी आत आडव्या झालो तर पाय बाहेर. नू.नं सवयीनं माप खांद्यापासून टाचेपर्यंत घेतलेलं, गाऊनला घेतात तसं. डोकी धरलीच नाहीत! आडव्या पडून इतक्या हसलो की शेजारीण बघायला आली. यांच्या मागे अशी हसले नव्हते.
आता गणवेशाच्या निळ्या कापडाची हातभर पट्टी जोडणार म्हणते. तंबूला शाळेची झालर.

२६ जाने.
झेंडावंदन करून घरी आले. भाऊजी ओट्यावर वाट बघत होते. गावात चर्चा आहे म्हणे, दोघी बायका, त्यात अवस.
"अवसेला उंबरा वलांडला तर परत ह्या घरात यायचं न्हाई."
मी विचारलं, हे घर बांधताना विटा वाहिल्या त्या कोणी? उठून गेले. आत्या आतून सगळं ऐकत होत्या, घेवडा मोडत. एक शब्द नाही. भाऊजींच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.
रडले. मग बॅगेत स्वेटर भरला.

१ फेब्रु., शनिवार, अवस
निघताना हातावर दही कोणी घातलं नाही. मीच वाटी काढली, मीच घातलं, चाटलं. आत्या उंबऱ्याशी बसलेल्या. अडवलं नाही, सरकल्याही नाहीत. पदर सावरून कडेनं बाहेर पडले.  
नू. स्टँडवर आधीच हजर, तंबूवर बसलेली. कल्याण गाडी वेळेवर. घाटात तिनं माझा हात धरला, घाट संपेपर्यंत सोडला नाही. ड्रायव्हर जागा होता. मी सारखी बघत होते.

२ फेब्रु., रविवार, संध्याकाळ
पोचलो. दुपारी पाणी काठापर्यंत तुडुंब. यातून उद्या चालायचं, पटत नाही. वारा फार, तंबू तीनदा बसला. निळी पट्टी मात्र टिकली.
सूर्य बुडाल्यावर नू.ला चांद दिसला. मला दिसेना. तिनं हनुवटी धरून मान वळवली. नखाएवढा.
मग गावातल्या बूथवरून घरी फोन लावला. भाऊजींनी उचलला. म्हणाले, तुमच्या खोलीला कुलूप घातलंय.
म्हटलं, "असू द्या. तंबू आहे. अंगणात ठोकीन."
 मागून आत्यांचा आवाज आला, "पोचली का?" भाऊजी त्यांना काही सांगेनात. मग मीच ओरडले, "पोचले, आत्या!" बूथवाला दचकला.
 पलीकडून फोन बराच वेळ कोणी ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.

३ फेब्रु., सकाळी साडेसात
ताडपत्री दवानं ओली. पाणी मागे चाललंय. काल लाटा फुटत होत्या तिथे आता काळे खडक आहेत, मध्ये डबकी, त्यात काहीतरी हलतंय. नू.नं सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली. मी कासोटा मारला.
वाटाड्या बजावतो आहे, नऊच्या आत परत फिरायचं, मग पाणी कोणासाठी थांबत नाही.
परत तर मी फिरणारच आहे. निघतो.