नानांचा कान

नाना,

ज्याच्या सत्तेने कान ऐकतो आणि वाणी बोलते, त्याची कृपा मागून लिहायला बसलो आहे. आजवर त्याच्यापुढेही हे उच्चारले नाही.

गेल्या रविवारी जळगावच्या मंदिरात माझ्या शिष्यांसह वाजवायचे होते. तुमचा नियम मी अजून पाळतो : मंडळीत जो सर्वांत लहान, त्याच्या व्हायोलिनला बाकीच्यांनी आपली व्हायोलिने मिळवायची, कारण त्याचा हात अजून सूर सावरायला शिकलेला नसतो, म्हणून थोरांनी त्याच्याकडे जायचे. सर्वांत लहान मुलीने सूर दिला आणि मी थबकलो. "पट्टी चढली का गं?"

"हो आबा, मीच चढवली. खाली लावली की माझं व्हायोलिन झोपेत वाजल्यासारखं वाटतं."

"आणि वर लावलं की किंचाळतं!" दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. मी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने बाहेर गेलो.

धुळ्याच्या मैफलीची ती सकाळ, नाना. मी सोळा वर्षांचा, सर्वांत लहान. तुम्ही, थोरले गुरुबंधू आणि मी. वरच्या पट्टीत माझे व्हायोलिन अधिक झळाळे, ते श्रोत्यांत उठून दिसावे म्हणून मी पट्टी अर्ध्या स्वराने चढवली, तंबोराही तसाच लावला. गुरुबंधू मुकाट्याने तारा पिळू लागतात. तुम्ही मात्र खुंटीवरचा हात थांबवता आणि माझ्याकडे पाहता.

"पट्टी चढनी का रे?"

"नही नाना. थंडीमुळे वाटत असेल."

तुम्ही डोळे मिटून पुन्हा ऐकलेत. मग हसून म्हणालात, "मंग मन्हाच कान उतरना." तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, आणि स्वतःवरचा काढून घेतलात.

त्यानंतर चारचौघांत तुम्ही गज हाती धरला नाही. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत शिकवत राहिलात. चुलीवर भाकरी फुगत असे, काकू आतून म्हणत, "आधी जेवून घ्या, सूर कोठे पळी जात नही." आणि प्रत्येक आलापानंतर तुम्ही मला, कालच्या पोराला, विचारत होतात, "सूर बराबर शे ना रे?" मी म्हणायचो, "शे, नाना." जणू उपकार करत होतो. सात वर्षे रोज एक वाक्य बोलण्याची संधी मला मिळत होती. तुमच्या अखेरच्या आजारातही मी उशाशी बसून गीतेचे अध्याय म्हटले. ते वाक्य म्हटले नाही.

नानांना वैराग्य आले म्हणून त्यांनी मैफल सोडली, असे मी शिष्यांना आणि मैफलींत सांगत आलो. श्रोते माना डोलावतात, आणि गुरुभक्त म्हणून माझीच कीर्ती वाढते.

हे पत्र पोहोचवायला कोणी नाही. देवापुढे ठेवण्याचेही धैर्य नाही, पेटीतच राहील. तुमचा कान अखेरपर्यंत खरा होता, नाना. मला ठाऊक होते. आणि रविवारी त्या मुलीला मी पट्टी उतरवायला लावली नाही. तिच्याकडे पाहण्याचीच लाज वाटली.

ज्याच्या दृष्टीस हे पडेल, त्याचे माणूस हयात असतानाच त्याच्या ओठी खरे येवो. सर्वांचे कल्याण होवो.