तीस सदऱ्यांची अर्जंट धुलाई

मरोळ, अंधेरी (पूर्व)
सोमवार

आमचे व्याही श्री. महादेवराव मेस्त्री यांस, मुक्काम आचरे,

विद्याधर धुरीचा मरोळहून वाकून (कंबर जितकं वाकू देते तितकं वाकून) नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? विहीणबाईंचा खोकला गेला का? विहिरीकडच्या फणसाबद्दल तुम्ही दर वर्षी "औंदा काय धरूचो नाय" म्हणता, त्याने यंदाही तुम्हाला खोटं पाडलं असेल अशी आशा आहे. इकडे सगळे बरे आहेत. तुमचा जावई सौरभ ऑफिस आणि मोबाइल यांच्यामध्ये कुठेतरी सापडतो. आमच्या सौ. विमलाची साखर डॉक्टरांच्या मते वाढली आहे, तिच्या मते डॉक्टरांचं मशीन बिघडलं आहे.

पत्रास कारण की, शुक्रवारी फोनवर तुम्ही आवाज खाली घेऊन विचारलंत, "व्याह्यांनू, बाजारात कोणतरी सांगी होतो, आमचा चेडू थंय लोकांचे कपडे मळवता आणि वर पैशे घेता. खरा काय ह्या?" आणि मी उत्तर देणार तेवढ्यात तुमची रेंज गेली. तीन दिवस तुम्ही काय काय कल्पना केल्या असतील देव जाणे. तर महादेवराव, खरं आहे. शंभर टक्के खरं आहे. तुमची मुलगी आणि आमची सून अपूर्वा कोरे कपडे मळवते, झिजवते, उसवते, आणि त्याबद्दल काल रविवारी अंधेरीत शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार झाला. आमच्या भागातल्या उद्योग करणाऱ्या बायकांचं एक मंडळ आहे, त्यांनी केला. मंडळाची पद्धत अशी की घरातल्या एकाने उठून सांगायचं, धंद्यात पुढे जायला आणि पुढे जात राहायला कुठले गुण लागतात आणि आमच्या माणसात ते कसे आहेत. आमच्या घरातून मी उठलो. (मला कोणी उठवलं नव्हतं. पण बत्तीस वर्षं शाळेत हेडक्लार्क असलेला माणूस घरात असताना सौरभने बोलावं का?) मी आठ पानी भाषण लिहून नेलं होतं. मिळाली दोन मिनिटं. उरलेलं भाषण वाया जाऊ नये म्हणून ते तुम्हाला पाठवत आहे.

आमच्या बाजूला सिनेमा-मालिकांची शूटिंगं चालतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यात गरीब, जुन्या काळातला किंवा मारामारीतून उठलेला माणूस दाखवायचा तर त्याच्या अंगावर दुकानातला कडक शर्ट चालत नाही. अपूर्वा ज्या कपड्यांच्या कंपनीत होती ती बंद पडली, त्याच सुमारास तिची जुनी मैत्रीण जान्हवी, जी एका मालिकेचा कपडेपट सांभाळते, घरी आली ती रडकुंडीला. नवा खाकी शर्ट, आणि संध्याकाळपर्यंत तो दहा वर्षांचा करायचा. अपूर्वाने तो चहाच्या पाण्यात उकळला, कॉलर विटेवर घासली, खिशाच्या कडेला विमलाची खोबऱ्याची किसणी चालवली. शर्ट असा झाला की विमलाने तो फरशी पुसायला घेतला. जान्हवीने ओढून घेतला म्हणून वाचला.

त्यातून हा धंदा. मी तेव्हा म्हटलं, "अगं, लोक हसतील."

"हसू देत ना पप्पा," ती म्हणाली, "हसून झाल्यावर ऑर्डर देतात की नाही तेवढं बघू."

दुसऱ्याच्या हसण्याचं ओझं न घेणं हा पहिला गुण म्हणून मी भाषणात लिहिला होता. पण तिचा खरा गुण म्हणजे नजर. रिक्षावाल्याच्या शर्टाला कुठे ऊन लागतं, मासे विकणाऱ्या बाईचं पातळ कुठे आधी विरतं, वॉचमनच्या पँटला खुर्चीचा कुठला भाग खातो, हे ती चालता चालता बघत असते. एकदा मरोळ नाक्यावर एका गृहस्थांच्या मागे ती बरंच अंतर गेली, आणि तिच्या मागे मी. (संरक्षणासाठी.) गृहस्थ थांबले. वळून माझ्याकडे बघून म्हणाले, "काय काका, प्रॉब्लेम काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही हो, आमच्या सूनबाईंना तुमची कॉलर आवडली." महादेवराव, या वयात मार खाता खाता राहिलो. अपूर्वाने पुढे होऊन त्यांना सगळं समजावलं, समोरच्या दुकानातून नवा शर्ट घेऊन दिला आणि त्यांचा अंगातला शर्ट मागून घेतला. ते नवा घालून खूश. तो जुना शर्ट आमच्याकडे अजून खुंटीला आहे. तिच्याकडे कामाला येणाऱ्या बायका, शेवंती आणि मथुरा, त्याच्यासमोर उभ्या राहून अभ्यास करतात.

आता मुख्य प्रसंग. गेल्या वर्षी जान्हवीने पहिली मोठी ऑर्डर दिली. तीस पांढरे सदरे, जुन्या काळातल्या बंदरावरच्या हमालांचे. हे जमलं तर मालिकेचं सगळं काम अपूर्वाला, नाही जमलं तर दुसऱ्या कोणाला, असं स्पष्ट बोलणं झालं होतं. आठवडाभर घरात तेच. गॅलरीत सदरे, पलंगावर सदरे, माझ्या आरामखुर्चीवर सदरे. ज्या दिवशी संध्याकाळी गाडी न्यायला येणार होती त्या दिवशी सकाळी अपूर्वा दुसऱ्या कामासाठी रंग आणायला बाहेर गेली. विमला देवळात. मी फेरी मारून आलो तर दाराशी तीन पोती भरून मळके कपडे. तुम्ही मला ओळखता. मी नोकरीत असताना माझ्या सदऱ्याला कधी शाईचा ठिपका लागला नाही. माझ्या मनात आलं, पोर बिचारी धंद्याच्या नादात, धुणं तुंबलंय तरी बोलत नाही. (काही लोक म्हणतात की आठवडाभर डोळ्यांसमोर असलेले सदरे मला ओळखू कसे आले नाहीत. पोत्यात भरलेले कपडे सगळे सारखेच दिसतात, एवढंच मी म्हणेन.) मी खालच्या लाँड्रीवाल्या नंदकिशोरला फोन केला. म्हटलं, अर्जंट. ब्लीच टाक, खळ घाल, कडक इस्त्री कर. पैसे माझ्याकडून.

दुपारी अपूर्वा आली तेव्हा तीसही सदरे घडी करून टेबलावर ठेवलेले. बगळ्याच्या पंखासारखे शुभ्र! मी शेजारी उभा, शाबासकीची वाट बघत.

"पप्पा," ती म्हणाली, "हे काय आहे?"

"धुतले. तुझ्यावर किती भार टाकायचा."

ती खाली बसली. रंगाचे डबे मांडीवरच. शेवंतीने तोंडाला पदर लावला. विमला नुकतीच देवळातून आली होती, तिने हातातला प्रसाद मला न देता परत डब्यात ठेवला. मला तेव्हा कळलं, महादेवराव. ते धुणं नव्हतं, ऑर्डर होती. मी लगेच उपाय सुचवायला लागलो. म्हटलं, जान्हवीला सांग, मला हार्ट अटॅक आलाय. मी झोपतो, विमला रडेल. (विमला म्हणाली, "मी नाही रडणार.") किंवा सांग, पोती चोरीला गेली.

अपूर्वाने मान हलवली. "आज खोटं बोलले तर उद्या ते खोटंही जुनं वाटेल असं करत बसावं लागेल. त्याचे कोण पैसे देणार?" आणि तिने फोन लावला. "जान्हवी, सदरे घरात चुकून धुतले गेले. सगळे. आता पांढरेफेक आहेत."

पलीकडून "वाट लागली यार" एवढं मलाही ऐकू आलं.

"ऐक. संध्याकाळी तीस देते असं मी म्हणणार नाही. कॅमेऱ्याजवळचे किती लागतील ते सांग, तेवढे नक्की देते. बाकीचे उद्या सकाळी."

दहा लागणार होते. दहा कबूल झाले. इथे मी तुमचं लक्ष वेधतो. मी असतो तर घाबरून तीसच काय, चाळीस कबूल केले असते.

फोन ठेवून तिने एक सदरा उचलला, खांद्यावर अंगठा घासला, आणि तशीच बघत राहिली. मग दुसरा घेतला. मग ताणून उजेडात धरला. "शेवंतीताई, हे बघा," ती म्हणाली. "कापड थकलंय." ब्लीचने आणि इस्त्रीने सुताचा कोरेपणाच गेला होता. आठवडाभर आपण वरवर मळवत होतो, पण खरा जुना कपडा नुसता मळलेला नसतो, तो शंभरदा धुतलेला असतो, आणि हेच आपण विसरलो, असं ती त्या दोघींना सांगत होती. आवाजात राग नाही, उलट लहान मुलाला गाभुळलेली चिंच सापडावी तसा आनंद. पुन्हा चहाचं पाणी चढलं. मथुराने काथ्याने शिवणी घासल्या. पूर्वी ज्या विरलेपणाला दिवस जात होता तो दोनदा घासलं की यायला लागला. खांद्यावर ओझ्याची खूण हवी म्हणून एकेक सदरा मला घालायला लावला आणि तांदळाची गोण खांद्यावर देऊन जिन्यात वरखाली करवलं. विमला दारात उभी राहून म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा यांनी घरात काही उचललं." शेजारच्या बिऱ्हाडातल्या बायका आधी बघायला आल्या आणि मग बाह्या सरसावून बसल्या. त्यांना अपूर्वाने नंतर मजुरी दिली, आणि स्वतःसाठी काही काढायच्या आधी दिली, हेही लिहून ठेवतो.

संध्याकाळी गाडीबरोबर जान्हवी स्वतः आली. चेहरा असा की मी स्वयंपाकघरात गेलो. तिने सदरा हातात घेतला, कॉलर उलटी केली, वास घेतला. मग म्हणाली, "अपू, हे आधीच्या नमुन्यापेक्षा झकास आहे. काय केलंस तू?"

महादेवराव, धंद्याचं गुपित होतं ते. दुसरा कोणी असता तर मिशीत हसला असता. तुमची मुलगी म्हणाली, "सासऱ्यांनी लाँड्रीत दिले." जान्हवी मटकन खुर्चीत बसून जी हसायला लागली! दहांच्या जागी सतरा सदरे गेले, उरलेले सकाळी गेले, आणि मालिकेचं सगळं काम आपल्याकडे आलं. तेव्हापासून प्रत्येक ऑर्डर आधी नंदकिशोरकडे जाते, मग आमच्याकडे येते. म्हणजे या उद्योगातलं सर्वांत मोठं संशोधन कोणी केलं, हे मी तुमच्यावर सोपवतो.

गाडी गेल्यावर मात्र अपूर्वाने दार लावलं आणि माझ्याकडे वळली. पुढे ती जे बोलली ते मी लिहीत नाही. कागद जळेल. मधूनमधून आचऱ्याची भाषा येत होती, तुम्ही असतात तर अभिमान वाटला असता. शेवटी तिनेच चहा केला आणि कप माझ्यासमोर आदळला. साखर मात्र बरोबर होती.

तर काल मी आठ पानं घेऊन स्टेजवर गेलो. समोर सभागृह भरलेलं. चष्मा लावला आणि पहिल्या रांगेत अपूर्वा दिसली, खांद्यावर शाल, नखांत रंग. अक्षर दिसेना. मी म्हटलं, "ही माझी सून आहे." पुढचं काही आठवेना. सूत्रसंचालक बाई हळूच म्हणाल्या, "काका, गुण सांगा, गुण." मी म्हटलं, "हिला खूप राग येतो. पण काम संपल्यावर येतो." आणि खाली उतरलो. टाळ्या बराच वेळ चालल्या. विमलाही वाजवत होती. लग्नानंतर पहिल्यांदा.

बाजारात ज्याने तुम्हाला विचारलं त्याला आता सांगा की होय, मळवते, आणि आमच्याकडे मळवून घ्यायला लोक थांबून राहतात. विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
विद्याधर धुरी

ता. क. एक विनंती. तुमच्याकडचे जुने पंचे, फाटकी घोंगडी, वडिलांचा कोट, जे असेल ते बांधून ठेवा. अपूर्वाला नमुन्याला हवं आहे. कृपा करून धुऊ नका.

ता. क. दुसरा. ते न्यायला मी स्वतः येतो. पुढच्या आठवड्यात येईन आणि पंधरा दिवस राहीन. (खरं कारण सांगतो. तीनशे धोतरांची ऑर्डर आली आहे. अपूर्वाने माझं तिकीट स्वतःहून काढलं, खिडकीची सीट. विमलाने बॅग भरूनही ठेवली. मी कोणाला काही विचारलेलं नाही.)

आबा, मी अपूर्वा. पाकीट चिकटवायला पप्पांनी माझ्याकडे दिलं म्हणून खाली चार ओळी घुसवते. धोतरांसाठी त्यांना कोणी घालवत नाहीये, ते काम आता मरोळच्या नव्या गाळ्यात होणार आहे. गाळ्याची पाटी रंगवायला दिलीय, ती त्यांनी आधी बघायला नको म्हणून पाठवतेय. पाटीवर लिहिलंय, "धुरी अँड सून". एक तारखेला तुम्ही आणि आई त्यांना घेऊन या, नारळ तुम्ही दोघा व्याह्यांनी मिळून फोडायचा. पप्पा पाटी बघून रडणार हे नक्की. तुम्ही निदान त्यांच्या आधी सुरू होऊ नका.