बांगड्या उतरवायची रीत

नागभीड,
ता. २३ नोव्हेंबर २००४

प्रिय दिव्यानी,

सलाम घे, आन तुह्या सासूबाईले, गुणाबाईले, माह्याकडून रामराम सांग. तुहं पत्र दिवाळीच्या आधीच आलं होतं. उत्तराले उशीर झाला म्हणून शिव्या देत असशील, तं दे. शाळेत बाईंनी शुद्ध लिहाले शिकवलं खरं, पण तुले शुद्ध लिहिलं तं तू म्हणशील, शिरीन लगित शहाणी झाली. म्हणून कुरखेड्याले एका बाकावर बसून बोलत होतो तसंच लिहून राह्यली.

यंदा दिवाळी आन ईद एकाच आठवड्यात आली. अम्मीले जेवाची फुरसत नव्हती. लक्ष्मीपूजनाले हिरव्या बांगड्या, चांदरातीले लाल-सोनेरी, दुकानापुढं बायांची ही गर्दी! काचा लागून लागून माह्या बोटांची चाळणी झाली. शिरखुर्मा केला, पण तू नाई तं मजा नाई. आठवते का, तू नुसत्या खारका वेचून खात होती आन अम्मी मात्र मलेच रागवत होती. अजूनही तिले वाटते त्या मीच खाल्ल्या.

निकेशभाऊची कंबर कशी आहे? राइस मिलच्या माळ्यावरून पडल्यापासून पोतं उचलाले मनाई आहे, असं तू लिहिलं. आता उठून बसतात का? मोहाच्या बियांचं तेल कोमट करून चोळ, हलक्या हातानं. कमावत्या नवऱ्याले घरी बसवलं की त्याचा जीव खालीवर होते, तवा त्यांच्यावर चिडू नोको. तू चिडतेच, मले माहीत आहे.

आन तू विचारलं, "तुह्या दवाखान्यात काउंटरवर मुलगी पाहिजे म्हणून ऐकलं. बारावी पास चालते म्हणतात. तू तं तिथीच आहे, डॉक्टरीणबाईले एक शब्द टाक ना." त्याचं सांगते. जरा दम धर.

मोठ्या डॉक्टरीणबाईचे गुडघे गेले. सकाळी एक चक्कर मारतात आन वर जाऊन बसतात. दवाखाना आता त्यांचा मुलगा पाहतो, नागपूरहून आला, आम्ही छोटे सर म्हणतो. माणूस वाईट नाई, उगाच कोणाचं पाप कशाले घेऊ? गरिबाले औषध फुकट देतात, आयांवर कधी आवाज चढवत नाईत. पण त्यांले दवाखाना नागपूरसारखा पाहिजे. काचेचं दार लावलं, कुंड्या आणल्या, आम्हाले गुलाबी युनिफॉर्म शिवले. आन भिंतीवर नियम लावले. आयांच्या, काउंटरवालीच्या, कोणाच्याच हातात काच नाई. टिकली बारीक. काउंटरवर बसणारीचं डोकं उघडं, केस बांधलेले.

पहिले काचेच्या बांगड्यांचं निघालं. आमच्याकडं भागीरथाबाई म्हणून जुनी आया आहे. तिच्या हातातल्या बांगड्या अम्मीनंच भरलेल्या. ती अडूनच बसली. म्हणे, "माहा नवरा जिता आहे, हात कसे रिकामे करू? दगडानं फोडू का?" सर माह्याकडं वळले, "शिरीन, तू बांगडीवाल्यांची मुलगी. तूच काढून दे बरं, न फोडता." मले काय, उलट मान वाटला. तिले मोरीजवळ घेऊन बसली, साबण लावला आन एक एक उतरवली. एकही फुटली नाई. तरी ती रडली. म्हणे, "भरणारीचीच पोट्टी उतरवाले बसली, काय दिवस आले व माय!" मी हसली. म्हटलं, "संध्याकाळी परत घालजो ना बाई, कुठी पळून चालल्या त्या?"

मंग माह्या डोक्यावरच्या रुमालाची पाळी आली.

आम्हा बांगडीवाल्या मनियार लोकांची एक खोड आहे, दिव्यानी. भांडण कोणतंही असो, आम्ही रंग जुळवून पाहतो. बाई नवं लुगडं घेऊन येते, तोंड वाकडं, हे नको, ते नको. बरोबर रंगाची बांगडी हातात गेली की गप होते, हसत घरी जाते. मीही तेच केलं. युनिफॉर्मचं कापड उरलं होतं, त्याचाच डोक्याचा रुमाल शिवला, कडा दुमडल्या, इस्त्री मारली आन मोठ्या ऐटीत गेली. अम्मी म्हणाली, एकदम मॅचिंग. मले वाटलं, झालं, भागलं.

सर हसले नाईत आन रागावलेही नाईत. म्हणाले, "शिरीन, रंगाचा सवाल नाही. काउंटरवर दवाखाना दिसला पाहिजे, कोणाचा धर्म नाही. भागीरथाबाईला मी हेच सांगितलं ना? सगळ्यांना एकच नियम."

भागीरथाबाईच्या बांगड्या मीच उतरवल्या होत्या ना, हसत हसत. मंग कोणत्या तोंडानं बोलू?

ते म्हणाले, काढायचा नसेल तर आत धुलाईच्या खोलीत काम कर, तिथे काहीही बांध, पगार तोच. आता तू म्हणशील, मंग दुखते कुठी? अम्मीनंही तेच म्हटलं. वरून म्हणे, "बेटा, काउंटर पे निकाल दे, बाहर आके बांध ले. अल्लाह पेट भी देखता है." मी तिच्यावर अशी ओरडली की शेजारची बाई डोकावून गेली. अम्मीनं बांध म्हटलं असतं तं अम्मीच्या म्हणण्यानं काढलाही असता. पण मले कोणीच बांध म्हटलं नव्हतं. अब्बा गेले त्या साली मी आपल्या मनानं बांधाले लागली. काऊन, ते मले आजही धड सांगता येत नाई. मी काई लगित नमाजी आहे का? रोज्यात तुह्यासोबत लपून चिंचा खाल्लेली मी. पण तो काढून परक्या लोकांपुढं बसाचं म्हटलं की भर बाजारात पदर ओढल्यासारखं होते. यापेक्षा जास्त कारण माह्याजवळ नाई.

तं मी आत गेली. चादरी धुतल्या, वाळवल्या, घड्या केल्या. भिंतीपलीकडचं सारं ऐकू येत होतं. तुले माहीत आहे, जंगलाकडच्या बायांले वाचता येत नाई, दवाखान्यात शिरल्या की बावचळतात. त्या एकमेकीले सांगून ठेवतात, "तिथी रुमालवाल्या बाईजवळ जाजो, ती सारं करून देते." नवरात्राच्या आसपासची गोष्ट. एक म्हातारी सुनेले घेऊन आली. सुनेले कळा सुरू होत्या, कण्हणं मले आतपर्यंत येत होतं. म्हातारी विचारत होती, "रुमालवाली बाई कुठी आहे? रुमालवाली बाई?" काउंटरवर तात्पुरती बसवलेली मुलगी म्हणाली, "अशी कोणी नाही इथे."

मी ओली चादर हातात घेऊन उभी. अशी कोणी नाई इथी. अन् मी भिंतीच्या या बाजूले जितीजागती!

चादर तिथीच टाकली, बाहेर आली, सुनेले धरून आत नेलं. तिले पोरगी झाली, दोघी चांगल्या आहेत. मंग सर म्हणाले, "तुला आत थांबायला सांगितलं होतं." मी म्हटलं, "मंग आतही नाई थांबत." कपाटाच्या चाव्या टेबलावर ठेवल्या आन निघाली. मोठ्या डॉक्टरीणबाई वरच्या खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली नाई, आन मीही वर पाहून थांबली नाई. इतकी वर्षं त्यांनी माहा रुमाल कधी पाहिला का नाई, हेच मले माहीत नाई. त्याचं वाईट वाटते.

आता समजलं ना? तुले जी जागा पाहिजे, ती माही आहे.

खरं सांगू, तुहं पत्र वाचून मले तुहाच राग आला. तुले काहीच माहीत नव्हतं, तुहा दोष काय, तरी आला. चुलीत घालाले निघाली होती. त्या काउंटरवर तू बसशील, माह्याच खुर्चीत, तुही लांब वेणी, तुही गोड जीभ, आन सारे म्हणतील काय चांगली मुलगी मिळाली! दिवाळीभर मी बायांच्या हातात बांगड्या भरत होती आन मनात तुह्याशी भांडत होती. ईदच्या दिवशीही भांडली. मंग निकेशभाऊची कंबर आठवली, तुहं लेकरू आठवलं, आन वाटलं, दुसरी कोणी बसली तं ते मले त्याहून पाहवणार नाई.

जागा घे. मी रागानं नाई म्हणून राह्यली. घे.

पण तुले काय काढावं लागेल ते आताच सांगते, मागाहून तुहा जीव नको उडाले. हातातला हिरवा चुडा. लग्नात अम्मीनं भरलेला. निकेशभाऊ खाटेवर, आन तू हात रिकामे करणार, गुणाबाई काय म्हणतील ते मले इथी बसून ऐकू येते. तुह्या मनातही तेच येईल. भागीरथाबाईले मी हसली होती. तुले नाई हसणार.

म्हणून नीट वाच. घाईत काढू नोको. हात कोमट पाण्यात धर, साबण लाव, आंगठा तळहातात दुमड, आन हात ढिला सोड. भीती वाटली की हात आखडतो, आन आखडलेल्या हातातच काच फुटते. एक एक काढ, दोन मिळून ओढू नोको. लपून काढू नोको, गुणाबाईसमोर बस. त्यांले सांग, मनियारणीच्या पोरीनं सांगितलं, न फुटता उतरली ती बांगडी फक्त आराम कराले गेली. अम्मी साऱ्या बायांले असंच सांगते, बाळंतिणीचे हात सुजले की.

नागभीडले खोली घ्याल तं स्टेशनच्या मागच्या गल्लीत घ्या, आमच्याजवळ. दवाखान्याकडून ती गल्ली दिसत नाई. ड्युटीवर जाच्या आधी माह्याकडं येत जा, मी उतरवून देईन. संध्याकाळी परत येत जा, मी भरून देईन. भरल्या हातानं घरी जा. रोज करू, काही कंटाळा नाई मले. आता मी दुकानातच बसते.

बस, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. तू माह्याच गावची, कुरखेड्याची म्हटल्यावर सर विचारतील, शिरीनला ओळखतेस का? माहं नाव घेशील तं जागा गेली समज. निघताना मी दार जोरात लावलं होतं, आन दार काचेचं. फुटलं नाई बाप्पा, पण सारा दवाखाना गोळा झाला. तवा शिफारस नाई, ओळख नाई. मान खाली घालू नोको, तुहं खोटं लगेच तोंडावर दिसते. सरळ त्यांच्याकडं पाह्य आन सांग, "अशी कोणी नाही माझ्या ओळखीची."

आरशापुढं दोन-तीन वेळा म्हणून पाह्य. जमेल.

तू नाई म्हटलं तरी तुहीच,
शिरीन