टकळीची शाळा

ता. ९ ऑगस्ट

ती. वहिनी,

नमस्कार. आम्ही ठीक आहोत. दादाच्या गुडघ्याला आता आराम पडला असेल. इथे हवा कोरडी, कपडे तासाभरात वाळतात. यांचं लिफ्ट दुरुस्तीचं काम चालू आहे. दिवसभर वर-खाली करतो, पण पगार काही वर चढत नाही, असं स्वतःच म्हणतात.

हे सगळं फोनवरच बोलणार होते. पण तुमचा आवाज ऐकला की इकडचं तिकडचं बोलत बसते आणि हे राहूनच जातं.

निघताना कंपनीने 'मुलांच्या शाळेचं आम्ही बघू' म्हटलं होतं. आल्यावर कळलं, ते फक्त साहेबांच्या मुलांसाठी. टकळीला समजेल अशा भाषेतली शाळा इथे एकच. तिची फी भरायची तर घरभाडं आणि जेवण दोन्ही सोडावं लागेल. म्हणून तिला सरकारी शाळेत घातलं. फी नाही, पण भाषा इथली. ती येत नाही म्हणून पाचवीची पोर दुसरीत बसवली. बाकाखाली तिचे पाय मावत नाहीत. बाई प्रेमळ आहेत, खोटं कशाला बोलू. पण दादाने जिला टकळी नाव ठेवलं, ती आता घरातसुद्धा नुसती मान हलवते.

परवा बाथरूममधून तिचं बोलणं ऐकू आलं. मी दाराशी थांबले. तिकडच्या जुन्या वर्गाची हजेरी घेत होती. एकेक नाव घ्यायची आणि त्या त्या मुलीच्या आवाजात उत्तर द्यायची. स्वतःचंही नाव घेतलं. मग म्हणाली, "गैरहजर."

त्या संध्याकाळी हे म्हणाले, "तिला तुझ्या वहिनींकडे पाठवू या." मी भांडले नाही.

ठेवून घ्याल ना? दादाला तिच्या जुन्या शाळेत विचारायला सांगा. मी सोबत आले असते, पण मला सातवा महिना लागलाय. हेही आजच सांगतेय. डॉक्टर प्रवास नको म्हणतात. यांच्या कामावरचे एक जण पुढच्या आठवड्यात बायकोसह तिकडे येताहेत, ते तिला आणतील.

तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, हसलीही नाही. कितीतरी दिवसांनी पूर्ण वाक्य बोलली, "आई, मग बाळ मोठं झालं की त्यालाही पाठवणार?"

मी तिची वेणी घालत होते. सोडली आणि पुन्हा घातली.

वहिनी, ती बोलून बोलून तुमचं डोकं उठवेल. उठवू द्या.

तुमच्या उत्तराआधीच तिची बॅग भरायला घेतलेली,
तुमची नणंद