ए ग्रुपचा ड्रायव्हर

४ जानेवारी, रविवार
आज कळलं, मी चुकीच्या क्षेत्रात आहे. सोळा वर्षं कापडाच्या लूमच्या कारखान्यात सुपरवायझर. वाया गेली.

सुरतेबाहेर कडोदरा रोडवर एका पांढऱ्या गाडीला ओव्हरटेक केलं. चौथा गिअर, काच खाली, कोपर बाहेर. नूतन मागच्या सीटवरून म्हणाली, की ती गाडी पंक्चर होऊन बाजूला थांबत होती. असेल. बायकोच्या नजरेला टायर दिसतात. मला त्या ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरचा पराभव दिसला.

घरी येऊन मोबाइलवर शोधलं. 'ट्रॅक डे' नावाचा प्रकार असतो. आपली रोजची गाडी न्यायची, खऱ्या रेसच्या ट्रॅकवर पळवायची, संध्याकाळी घरी. शर्यत नाही, नंबर नाही. वेगात गाडी नीट कशी चालवायची ते शिकायचं. 'शिकायचं' हे माझ्यासाठी नसावं.

संकल्प: यंदा ट्रॅक.

५ जानेवारी, सोमवार
उखाला सांगितलं. उखा आमच्या खात्यात लूम दुरुस्त करतो. त्याला एक गोष्ट सांगितली की आमच्या लिंबायत भागात वेगळी जाहिरात करावी लागत नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत शेठनी विचारलं, नोकरी सोडताय का? लगेच नाही, असं म्हणालो. शेठना हायसं वाटलेलं दिसलं नाही, पण ते भावना दाखवत नाहीत.

७ जानेवारी
निवड करणं सोपं नाही. तीन ठिकाणं आहेत.

एक: जुन्या धावपट्टीवर सरळ पळायचं. बाद. वळणं हीच माझी स्पेशालिटी. पर्वत पाटियाच्या चौकात रोज वळतो.

दोन: ओपन ट्रॅक डे. या आणि पळवा. शेजारी कोणी बसत नाही, ओव्हरटेक कुठूनही. काळा टी-शर्ट, फोटोग्राफर.

तीन: नवशिक्यांसाठी. सकाळी वर्ग. शेजारच्या सीटवर शिकवणारा माणूस. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्याने हात दाखवला तरच. आधी गाडी तपासतात. टी-शर्ट नाही.

नूतनने तिन्ही पानं नीट वाचली आणि म्हणाली, अहो, पहिल्यांदा जाताय तर जिथे शिकवतात तिथे जा. तिला समजावलं की पोहता येणाऱ्याने टबात उतरू नये. ती म्हणाली, तुम्हाला पोहता कुठे येतं? विषय तो नव्हता.

दोन नंबर पक्का.

१० जानेवारी
दोन नंबरवाल्यांचा फोन. याआधी कुठे चालवलंय, असं विचारलं. बऱ्याच ठिकाणी, म्हणालो. नावं विचारली. नेटवर्क गेलं. त्यांचं नव्हे, माझं. म्हणजे मीच बंद केला, पण नेटवर्क तसंही कमीच होतं.

नीट विचार करता काळा रंग मला शोभत नाही. शिवाय तीन नंबरला घरच्यांना परवानगी आहे आणि गुजराती थाळी अनलिमिटेड आहे. तीन नंबर पक्का. निर्णय पूर्णपणे माझा. नूतनने चहात आलं जास्त घातलं. ती खूश असली की तसं करते.

१४ जानेवारी, उत्तरायण
गच्चीवर होतो. एका हातात फिरकी, तोंडात उंधियु. तेवढ्यात ट्रॅकवरून फोन. रूपाली नावाच्या मॅडम, तिथल्या शिक्षिका. बडोद्याच्या मराठी. त्यांनी विचारलं, ब्रेक वळणाच्या आधी दाबता की वळणात? म्हणालो, आधी, वळणात आणि नंतरही. त्यांनी पुन्हा विचारलं, नंतरही? असा सूर मी यापूर्वी फक्त माझ्या दहावीच्या निकालाला ऐकला होता.

मग म्हणाल्या, तुम्हाला 'ए' ग्रुपमध्ये टाकते.

ए! फोन ठेवून गच्चीवर जाहीर केलं. शेजारच्या गच्चीवरून ओरडा झाला, 'काप्यो छे!' तो कापलेल्या पतंगासाठी होता, पण वेळ जुळली.

आईने विचारलं, काय झालं? आईला, म्हणजे धुरपदाबाईंना, चाळीस वर्षं सुरतेत काढून अहिराणीशिवाय दुसरं पटत नाही. ट्रॅक म्हणजे काय ते सांगितलं. ती म्हणाली, "गोल गोल फिरीसन आठेच येवानं शे ना? मंग जास कसाले?"

तांत्रिक गोष्टी तिला समजत नाहीत. तरी रात्री मोबाइलवर ट्रॅकचा नकाशा काढून पाहिला. जिथून निघायचं तिथेच यायचं आहे.

२० जानेवारी
सराव सुरू. ट्रॅकवाल्यांनी व्हिडिओ पाठवलाय. पहिला धडा: नजर लांब ठेवा. ठेवली. पर्वत पाटियाला नजर पार पुलापर्यंत गेली. जवळची हातगाडी धडकल्यावरच दिसली. साड्यांचे गठ्ठे होते, मऊ माल. हातगाडीवाला मात्र मऊ नव्हता. त्याने गुजराती, हिंदी आणि आपली अहिराणी अशा तिन्ही भाषा वापरल्या.

सुधारित संकल्प: नजर लांबही आणि जवळही.

२५ जानेवारी
रेसरची मान मजबूत लागते. पहाटे डोक्याला टॉवेल बांधून नूतनला तो ओढायला लावला. तिने अपेक्षेपेक्षा मनापासून ओढला.

२६ जानेवारी
मान धरलीय. झेंड्याला मान वर न करता सलाम केला. कोणाला बघायचं तर अख्खा वळतो. कारखान्यातल्या पोरांना ही स्टाइल वाटतेय. राहू दे.

१ फेब्रुवारी, रविवार
उखाने गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी बोर्ड लावला. 'ए ग्रुपचे रेसर योगराजभाऊ यांना हार्दिक शुभेच्छा.' फोटो माझ्या लग्नातला, मुंडावळ्यांसकट. समोरच्या काकींनी नूतनला बाजूला घेऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना?

नूतनने बोर्डकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाली, तुम्हाला जायचं नसेल तर मी सांगते सगळ्यांना, की सासूबाईंची तब्येत बरी नाही.

मी हसलो. मग आईची तब्येत खरंच कशी आहे ते विचारून आलो.

५ फेब्रुवारी
रविवारी ट्रॅक. तीन दिवस राहिले.

शेठकडे गेलो. म्हटलं, रविवारी मोठी ऑर्डर असेल तर मी थांबतो, कारखाना आधी. शेठ म्हणाले, रविवारी काम बंद, सोमवारचीही सुट्टी घ्या, आमचा रेसर आहात. माणसाने इतकं चांगलं असू नये.

७ फेब्रुवारी, शनिवार
गाडी रिकामी करून आणा, असा नियम. डिकीतून निघालं: आईची सतरंजी, मिरच्यांचं पोतं, एक कुकर, दिवाळीत हरवलेला आकाशकंदील. गाडी दोन बोटं वर आली. आता पळेल.

आई म्हणतेय, मीही येते. कशाला? तर तुला आणायला कोणीतरी पाहिजे.

८ फेब्रुवारी, रविवार, दुपार. ट्रॅक, कँटीनचा बाक
नोंद: ए, बी, सी असे तीन ग्रुप आहेत. सगळ्यात वेगवान सी. ए म्हणजे ज्यांनी यापूर्वी ट्रॅक पाहिलेलाच नाही. मांडणी उलटी केलीय. कोणीतरी यांना सांगायला हवं.

आमच्यात आठ जण. माझ्यामागे भरूचचे दातांचे निवृत्त डॉक्टर.

पहिल्या फेरीला रूपाली मॅडम शेजारी बसल्या. म्हणाल्या, थोडा अॅक्सिलरेटर द्या. दिला. म्हणाल्या, आता द्या. पुढे म्हणाल्या, श्वास घ्या. हे खरं तर माझ्या लक्षात नव्हतं.

मागून गाडी आली की खिडकीतून हात दाखवून तिला पुढे सोडायचं. मी सगळ्यांना सोडलं. डॉक्टरांना दोनदा. सगळ्यांनी हात हलवून थँक्यू केलं. एवढा मान मला कारखान्यात सोळा वर्षांत मिळाला नाही. हात सारखा बाहेरच ठेवला होता.

थांबल्यावरही मी स्टेअरिंग घट्ट धरून होतो. गाडी सुटू नये म्हणून. मॅडम म्हणाल्या, इंजिन बंद आहे.

मग त्यांनी साधं विचारलं, सर, आलात कशाला? काहीतरी मोठं सांगणार होतो. पण तोंडातून निघालं, की सोळा वर्षं माझ्यासमोर सगळं खटाखट पळतं आणि मी उभा असतो. एकदा मी पळावं आणि बाकीच्यांनी उभं राहून बघावं, एवढंच.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग भीती मान्य करा. ज्यांना भीती नाही, त्यांच्या शेजारी मी बसत नाही. दुसऱ्या फेरीत तिसरा गिअर टाकू या.

टाकला. पूर्ण एक सरळ पट्टा तिसऱ्या गिअरमध्ये. काय आवाज! नूतन कठड्यापाशी उभी होती. टाळ्या वाजवल्या तिने. मला दिसलं. नजर लांब होती ना.

थाळी खरंच अनलिमिटेड आहे. मला एक पुरी गेली.

त्याच दिवशी, संध्याकाळ
शेवटी ट्रॅकची लाल गाडी आली. शिक्षक चालवणार, आपण शेजारी बसायचं. खरा वेग म्हणजे काय ते कळावं म्हणून. नाव पुकारलं, योगराजभाई. मी मान दाखवली. बरी झालीय, पण पुन्हा धरायला लागली होती.

रूपाली मॅडम म्हणाल्या, मग ही सीट रिकामी.

"मी बसस," मागून आवाज.

आईने पदरावरूनच हेल्मेट घातलं होतं. कुणी दिलं, देव जाणे. वय विचारलं तर म्हणाली, मना पोरगापेक्षा मोठी. मॅडमनी बेल्ट आवळले, तिथल्या मोठ्या सरांना विचारलं, नूतनची सही घेतली. माझी कोणी मागितली नाही.

गाडी गेली. आधी आवाज दिसेनासा झाला, मग गाडी ऐकू येईनाशी झाली. हे वाक्य उलटं झालंय, पण तेव्हा तसंच वाटलं. नूतनने माझा हात धरला. तिचा हात गार होता. तिच्या मते माझा जास्त. वळणावर टायर ओरडले आणि मी, वय बेचाळीस, मोठ्याने 'माय' म्हणालो. डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवला.

गाडी थांबली. दार उघडलं. आईने हेल्मेट काढलं, पदर सारखा केला, माझ्या गाडीकडे बघितलं, लाल गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "हाई शे गाडी!"

आणखी एक फेरी मागितली. दिली.

९ फेब्रुवारी
सुट्टी. कारखान्यात गेलो नाही, तरी बातमी गेली. उखाचा फोन: आजी एकशे साठ म्हणतात, तुम्ही किती? सांगितलं, ट्रॅकवर वेग विचारणं असभ्य समजतात. दुपारी गल्लीतल्या बायका आईभोवती बसल्या होत्या. ती हातांनी स्टेअरिंग दाखवत होती. वळण बरोबर घेत होती. ब्रेक आधी.

१० फेब्रुवारी, मंगळवार
आईचे डोळे तपासायचे होते. तिला गाडीत बसवून निघालो. सगळं शिकवल्याप्रमाणे. नजर लांब. ब्रेक वळणाआधी. प्रत्येक वळणाला श्वास.

पर्वत पाटियाला सिग्नल हिरवा झाला. मी श्वास घेत होतो. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. आई उतरली, शेजारच्या शेअर रिक्षात बसली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, चाल भाऊ.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ती तपासून बाहेर बसली होती. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. आजींना सगळं अगदी स्वच्छ दिसतं.