तुझ्या तोंडी घातलेली ओळ

आई, तुझ्या रहाटाची घरघर मला अजून ऐकू येते. सुताची कांडी भरत आली की तिचा सूर चढायचा, मग क्षणभर शांत, आणि नवी कांडी लावली की पुन्हा खालून सुरुवात. शुक्रवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत मी शाळेच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता त्याच तालावर पाठ केल्या. तू मागवाल्यांसाठी कांड्या भरत बसलेली, केसांत सुताचा पांढरा भुसा, आणि मी भिंतीला टेकून डोळे मिटून गुणगुणतोय. मधेच तू म्हणायचीस, "आरं, जरा मोट्यानं म्हण की, मला बी ऐकू दे." तुला त्यातलं किती कळत होतं कोण जाणे. दादा सुट्टीवर आला की तोही ऐकायचा, पण फौजेतल्या माणसाला उभं राहून ऐकायची सवय, चौकटीला खांदा लावून.

आज एवढ्या वर्षांनी लिहायला बसलोय ते एका सिनेमामुळं. परवाच्या रविवारी नातीनं तिकिटं काढली. लढाईचा सिनेमा आहे, आजोबा, तुम्हाला आवडेल, म्हणाली. मुलाची टॉवेलच्या कारखान्यात पाळी होती, म्हणून आम्ही तिघंच गेलो, मी, सूनबाई आणि नात. ही नात तू पाहिली नाहीस. रोज पहाटे मैदानावर पळते, आणि आता फौजेच्या भरतीत निवडली गेलीये. पोरीसुद्धा जातात आता, आई. सूनबाईनं मात्र त्या दिवसापासून घरात तोंडाला कुलूप लावलेलं. नातीला वाटलं, सिनेमा बघून आईचं मन वळेल.

पडद्यावर बर्फ होतं, तोफा होत्या, खंदकात एकमेकांची चेष्टा करणारी पोरं होती. मधेमधे त्यांची घरं दिसायची. कुणाची बायको फोन कानाला लावून बसलेली, कुणाचा बाप गोठ्यात उगीचच उभा. मला सारखी तुझी पाठ दिसत होती, रहाटावर वाकलेली. मग तो प्रसंग आला. पोराचं शव अंगणात आणतात, आई पुढं होते, एक अश्रू न ढाळता सलाम करते आणि म्हणते, माझा धाकटाही घेऊन जा. सगळं थिएटर उठलं. शिट्ट्या, टाळ्या. माझेही हात वाजत होते. शेजारची खुर्ची कधी रिकामी झाली ते कळलंच नाही.

सूनबाई बाहेर पायरीवर बसली होती. मला बघून म्हणाली, "तुमी बी टाळ्या वाजवल्या की, मामा."

मी म्हणालो, "अगं, सिनेमा आहे तो."

"तेच म्हणतीय मी. सिनेमा संपला की तिचं पोरगं उठून च्या पितंय. माजी पोरगी उठंल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माहेरी निघून गेली, वेळापूरला. भांडण नाही, आदळआपट नाही. भाकरी झाकून ठेवलेली, ओटा पुसलेला. नात माझ्यापाशी येऊन बसली. "आजोबा, तुम्ही आईला पणजीची गोष्ट सांगा ना. ती तुमचं ऐकते." मी म्हणालो, सांगतो. फोनही केला. सूनबाई म्हणाली, "बोला, मामा." मी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, जेवले. मी फोन ठेवला.

ती पणजीची गोष्ट म्हणजे तुझी, आई. आणि ती खोटी आहे.

दादा लढाईत पडल्याची तार आली त्या दिवशी अर्धी भरलेली कांडी रहाटावर तशीच राहिली होती. दादा गेल्यावर शाळेनं तुझा सत्कार ठेवला. मी आठवीत. गुरुजी म्हणाले, तूच कविता कर, तुझ्याइतका अधिकार कुणाला? मी किती हरखलो होतो! दादा जाऊन महिना झाला नव्हता आणि मी मात्रा मोजत बसलो होतो. तू जेवायला हाक मारायचीस आणि मी म्हणायचो, थांब, जमत आलंय. मैदानात मांडव, तुझ्या खुर्चीवर भरतकामाचं कापड, मांडीवर लुगडं आणि नारळ. तुझ्या पायांत त्या दिवशी शेजारणीच्या चपला होत्या. मी माईकसमोर, तू अगदी बाजूला. कवितेत आईच बोलते, आणि शेवटी म्हणते,

एक दिला, घे दुसराही तू, ओटी माझी अजून भरली.

आणि तू म्हणालीस, "न्हाय."

मी थांबलो. तू माझ्याकडं नव्हतीस बघत, समोर लोकांकडं बघत होतीस. "न्हाय. ह्यो न्हाय द्यायची मी." माईक जवळ होता. कर्ण्यातून तुझा आवाज रस्त्यापर्यंत गेला, सायकलवरून चाललेला एक माणूस पाय टेकून थांबलेला मला अजून दिसतो. गुरुजींनी घाईनं घोषणा दिली, सगळं मैदान जय म्हणालं, आणि त्या जयजयकारात तुझं न्हाय बुडून गेलं. मीही ओरडलो, आई. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

घरी आल्यावर मी तुझ्यावर चिडलो. चार लोकांत अडाण्यासारखं काय बोललीस, माझी कविता घालवलीस, असं म्हणालो. तू नारळ फडताळात ठेवत होतीस. वळलीही नाहीस. म्हणालीस, "कविता तुजी हाय, बाबा. पर त्यात त्वांड माजं घातलंस की." एवढंच. मग रहाटाशी बसलीस आणि ती अर्धी कांडी पुरी केलीस. पुन्हा कधी मला मोठ्यानं म्हण म्हणाली नाहीस.

पुढं मी मराठीचा मास्तर झालो. दर प्रजासत्ताक दिनाला मुलांना तुझी गोष्ट सांगायचो. पहिल्या वेळी नुसतं न्हाय गाळलं. दुसऱ्या वेळी तुझी मान ताठ केली. होता होता ती ओळ तूच म्हणालीस असं झालं. वर्गात अशी शांतता पसरायची की मलाच भरून यायचं. नात माझ्या मांडीवर बसून तीच गोष्ट ऐकत वाढली. "दुसराही देईन म्हणाली माझी पणजी," असं ती मैत्रिणींना सांगते. पहाटे काळोखात बुटाची नाडी बांधताना तिच्या चेहऱ्यावर जे असतं, त्यात तुझं किती आणि माझ्या त्या ओळीचं किती, हे मला आता ठरवता येत नाही. तिला अडवावं असं नाही माझ्या मनात. दादाही स्वतःच्या मनानं गेला होता, त्याला कुणी कविता ऐकवली नव्हती. पण ही ज्या बाईचं नाव घेऊन निघालीये, ती बाई कधी नव्हतीच. आणि जी खरी होती, ती तिच्या आईसारखी होती. थिएटरातून उठून गेलेली.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. ती ओळ मला अजून आवडते, आई. आत्ता वर उतरवून काढली तेव्हाही बोटांनी मात्रा मोजल्या. बरोबर भरल्या, आणि मला बरं वाटलं.

दाराची कडी वाजतेय. नात इतक्या लवकर येत नाही. बघून येतो.

सूनबाई आहे. वेळापूरहून सकाळची पहिली एसटी धरून आली. खांद्याला पिशवी, आणि पिशवीत कुटलेल्या शेंगाचटणीचा हा एवढा डबा. मी डब्याकडं बघत राहिलो तर म्हणाली, "जा म्हणाले न्हाय अजून तिला. पर जायचंच झालं तर तिकडं काय घशाखाली उतरणार हाय तिच्या? म्हणून कुटली." मग पदरानं घाम टिपत म्हणाली, "पोरगी फोनवर सारखी म्हणतीय, आजोबांकडनं पणजीची गोष्ट ऐक, मग काय ते ठरव. तर सांगा आता. त्यासाटीच आले."

मी म्हणालो, आधी हातपाय धू.

ती मोरीत गेलीये. तेवढ्यात हे लिहितोय. नात येईपर्यंत थांबावं, दोघींना एकदमच सांगावं, असं एकदा मनात आलं. मग वाटलं, पुन्हा मांडव कशाला घालायचा.

मोरीतलं पाणी थांबलं.