तुरीचा पाला आणि अप्पांचा अंगठा

२ डिसें., गुलबर्गा
आज लॅबमध्ये कोंबडीची अंडी उघडली. तुरीच्या पाल्यातून काढलेलं रसायन, फ्लॅवोनॉइड, जिथं जास्त टाकलं होतं, तिथं पिल्लाभोवतीच्या पडद्यात रक्तवाहिन्या वाढल्याच नाहीत. थेंबाभोवती कोरा गोल. कमी टाकलं तिथं उलट, केसासारखे नवे फाटे, दाट. सर म्हणाले, पुन्हा कर, मग बोलू.
घरी फोन केला. तुरीनं रक्तवाहिन्या वाढल्या, एवढं अप्पांना सांगितलं. पुढचं सांगायच्या आत त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आलं, फोन ठेवला.

८ डिसें., आळंद
अप्पांच्या पायाच्या अंगठ्याची जखम. साखरेमुळं तिथं रक्तच नीट पोचत नाही. पट्टी सोडली तर आत हिरवा लगदा. पाला वाटून लावलाय. सकाळी त्याचाच काढा. ड्रेसिंगला जाणं बंद.
"कामून केलं असं?"
"तूच म्हनलीस की, वाढतंय म्हनून."
"ते अंड्यात, अप्पा."
आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अंड्यात?"
आमच्याकडं अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. तिला आजवर नुसतं 'लॅब' सांगितलं होतं. रात्री मला तिनं वाढलं नाही, माझं मीच घेतलं.

९ डिसें.
जखम धुतली. वास यायलाय. पहिल्या बसनं अप्पांना गुलबर्ग्याला आणलं. डॉक्टर कानडीत बोलले, थोडक्यात. अंगठा काढावा लागेल. अप्पांनी पायाकडं बघितलं, मग खिडकीकडं.

१२ डिसें.
अंगठा काढला. पाय वाचेल म्हणतात. पाल्यानं बिघडलं, की तसंही बिघडणारच होतं? विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.
आई डबा घेऊन आली. मला वाढता वाढता म्हणाली, "ती पिल्लं जगतेत का मग?"
न्हाई म्हटलं.
तिनं ताटात भाकरी ठेवली. खा म्हणाली.

२१ डिसें.
अंड्यांची दुसरी फेरी. निकाल तोच. सर खूश. मी पण, खरं सांगायचं तर. लगेच अप्पांची आठवण आली आणि…

३० डिसें., आळंद
आता अप्पांचे डोळे. आतल्या पडद्यावर नको तिथं नव्या रक्तवाहिन्या वाढल्यात, त्या थांबवायला इंजेक्शन. हेही साखरेनंच.
अप्पा म्हणाले, "पायात वाढवायच्या, डोळ्यात थांबवायच्या. काढा पोटात गेल्यावर कुटं काय करायचं, त्याला कोन सांगायलंय?"
माझ्या प्रबंधात हे इतकं सरळ कुठंच लिहिलेलं नाही.

६ जाने., गुलबर्गा
डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, आणखी काही घेता का? मी म्हटलं, काढा घेत होते, बंद केला.
"बंद न्हाई," अप्पा म्हणाले. "अर्धा कप चालू हाय."
माझं काम त्याच पाल्यावर, हे कळल्यावर डॉक्टर माझ्याकडं वळल्या. त्यानं डोळ्यात काय होईल? माहीत नाही म्हटलं. त्यांनी तसंच लिहून घेतलं, इंजेक्शन दिलं.
बाहेर आलो. अप्पांच्या एका डोळ्यावर पट्टी, माझं कोपर धरलेलं.
"मग सोडू का ठिवू?"
"सोडा."
"तुला म्हाईत न्हाई म्हनलीस की."
"म्हणूनच सोडा."